निरंक लिहिलेली जमीन

काल बरडावर घालून गेलो ती पँट नंदा धुवायला घेईना. नंदा म्हणजे माझी बायको. "पयले कुसयं काढा, मंग बादलीत टाका. टोचू टोचू माह्या हाताची चायनी नाई करायची मले," म्हणाली. म्हणून दुपारपासून ओट्यावर बसून एकेक कुसळ उपसतो आहे. भादव्याचं ऊन पाठीवर आहे. कालच्या पावसाची वाफ अंगणातून वर येते आहे. बोटांना बारीक बारीक टोचतं आहे आणि खरं सांगायचं तर ते टोचणं बरं वाटतं आहे.

कुसळीचं बी कधी नीट पाहिलं आहे का तुम्ही? पुढे सुईसारखं टोक, टोकावर मागे वळलेले केस. आत शिरतं, बाहेर येत नाही. मागे लांब काळपट शेपूट. लहानपणी आम्ही ते ओल्या तळहातावर ठेवायचो. ओल लागली की शेपूट आपोआप फिरायला लागायचं, जणू कुणी किल्ली दिली आहे. वाळलं की उलटं फिरायचं. बरडावर हेच रोज चालतं. पहाटेचं दव त्याला एकीकडे पिळतं, दुपारचं ऊन दुसरीकडे, आणि असं पिळवटत पिळवटत ते मुरमात स्वतःला पेरून घेतं. त्याला ट्रॅक्टर लागत नाही, मंजुरी लागत नाही.

दरवर्षी ह्या दिवसांत कुसळं मोजे-पायजम्याला धरून घरी येतात आणि मला सात वर्षांपूर्वीच्या एका पावसाळ्यात नेऊन सोडतात. सात वर्षं मी तो पावसाळा कुणाला सांगितला नाही. मी मुळातच कमी बोलणारा. कमी बोलणाऱ्या माणसाला गाव सज्जन समजतं, आणि त्या समजाच्या आड पुष्कळ काही लपवता येतं. परवा मात्र सगळ्या गावापुढे सांगून बसलो. आता लिहायला भीती कसली?

आमचं गाव आसेगाव-मंगरूळपीरच्या वाटेपासून जरा आत आहे. गावाच्या वर बरड. मुरमाड, वीतभर मातीची जमीन. तिच्यात सोयाबीन येत नाही, तूर येत नाही, म्हणून ती कुणी बळकावली नाही. मधून नाला जातो; एक तुकडा नाल्याच्या अलीकडे, एक पलीकडे. सरकारी दप्तरात ती ई-क्लास. आमच्याकडे गावच्या चराईच्या जमिनीला हेच नाव आहे, आणि ज्यांनी शाळेचं तोंड पाहिलं नाही ती म्हातारी माणसंही 'ढोरं ई-क्लासात नेले' असं सहज म्हणतात.

उन्हाळ्यात ह्या बरडाकडे पाहिलं तर कुणालाही ते मेलेलं वाटेल. पिवळं, भुरकट, जागोजाग दगड. आषाढ अर्धा झाला की तेच बरड ओळखू येत नाही. पवन्या गवत गुडघ्याला लागतं, कुसळी मांडीला. वारा सुटला की हे टोक ते टोक लाट धावते. गवतावर पडणाऱ्या पावसाचा आवाज पत्र्यावरच्या किंवा पानावरच्या पावसासारखा नसतो. कुणी शेजारी बसून हळू बोलत असावं तसा असतो. चालताना पायाखालून लाव्यांचा थवा भुर्रकन उठतो आणि आपलीच छाती धडधडते. चंडोल गात गात वर चढतो आणि दिसेनासा झाला तरी ऐकू येत राहतो. कडेच्या तरोट्याची भाजी आई आणायची. गाईच्या दुधाला त्या दिवसांत गवताचा वास यायचा, आणि चहा घेताना वडील म्हणायचे, आज बरडावर चरली वाटते.

हे सगळं मला माहीत होतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी जे केलं ते अज्ञानात केलं असं कुणी म्हणू नये. मीही बरीच वर्षं तसं म्हणत होतो.

मी गावाचा रोजगार सेवक. मागेल त्याला काम देण्याची जी योजना आहे, तिचे हजेरीपट भरायचे, खड्डे मोजायचे, फोटो काढायचे, कागद तालुक्याला पोचवायचे. त्या वर्षी झाडं लावायची मोठी लाट आली होती. वरून आकडे आले होते आणि आकड्यांना जमीन हवी होती. तालुक्याहून फोन आला, तुमच्याकडे पडीत आहे का? मी म्हणालो, ई-क्लास आहे. मग एक पानाचा नमुना आला. त्यात एक रकाना होता: 'जागेवर सध्या अस्तित्वात असलेली वनस्पती व जीवसृष्टी'. रकाना इतका अरुंद, की भरणाऱ्यानं काय लिहावं हे छापणाऱ्यानंच ठरवलेलं असावं. मी ग्रामपंचायतीच्या खुर्चीत, पंख्याखाली बसून त्यात एकच शब्द लिहिला. निरंक.

निरंक म्हणजे काही नाही. आम्हा कागदवाल्यांचा हा लाडका शब्द. तक्रारी निरंक, आक्षेप निरंक, शिल्लक निरंक. लिहायला अर्धा क्षण लागतो आणि पुढचे सगळे प्रश्न मिटतात. त्या दिवशी मी आईची भाजी, वडिलांचा चहा, लाव्यांचे थवे, सगळं त्या एका शब्दाखाली गाडलं आणि वर शिक्का मारला.

बरडाच्या पायथ्याशी फासेपारध्यांचा बेडा आहे, दहा-बारा घरांचा. त्यातली शेवंताबाई तेव्हा पन्नाशीच्या पुढची असेल. तिचा नवरा हयात होता तेव्हा तित्तर-लाव्यांसाठी फास मांडायचा. ते दिवस गेले. आता बेड्यातली माणसं गवत कापून मंगरूळपीरला भारे विकतात, लोकांच्या वावरात मजुरी करतात, दिवाळी झाली की लेकरंबाळं घेऊन दूर ऊसतोडीला जातात. शेवंताबाई मला भाऊ म्हणायची. राखी बांधलेली नव्हती, पण म्हणायची.

आषाढाच्या शेवटी बरडावर चुन्याच्या खुणा मारत होतो तेव्हा ती आली. एका खुणेवर पाय ठेवून उभी राहिली. मग विचारलं, "हे कायले करून राह्यला, भाऊ?" मी म्हणालो, झाडं लावायची आहेत. ती हसली नाही, रागावलीही नाही. म्हणाली, "उद्या सकाऊन ये. एक गंमत दाखोतो."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तिनं मला गाडीवाटेजवळच्या एका चपट्या दगडावर बसवलं आणि तोंडावर बोट ठेवलं. गवत ओलं होतं. बराच वेळ काही झालं नाही. मग बेडूक टरटरावा तसा आवाज आला आणि गवतातून एक काळा पक्षी सरळ वर उसळला. माणसाच्या उंचीइतका. पंख फडफडले, त्यांतला पांढरा पट्टा चमकला, कानामागचे कमानीसारखे तुरे हलले आणि तो पुन्हा गवतात पडला. पाण्यात दगड बुडावा तसा. थोड्या वेळानं पुन्हा उसळला, त्याच जागेवरून. तणमोर. नाव मी ऐकून होतो. पन्नास वेळा त्या वाटेनं गेलो होतो, पाहिला नव्हता.

"इतली उडी कायले मारते, सांग?" तिनं विचारलं.

मी खांदे उडवले.

"मादीले दिसाव म्हून. गवतात असला तं दिसनच कसा? म्हून उडते. आन गवतच नसलं तं कायले उडीन तो?"

मग ती बोलतच राहिली. तिच्या नवऱ्याच्या फासात एखादी मादी सापडली आणि पोटावरून बोट फिरवताना आतलं अंडं हाताला लागलं, तर तो ती तिथल्या तिथं सोडून द्यायचा. घरी चूल थंड असली तरी. बेड्याचा तसा नेमच होता. का, असं मी विचारलं, तेव्हा तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू हा प्रश्न शिकलेला माणूसच विचारू शकतो.

त्या दगडावर बसलो असताना मी म्हणायला हवं होतं, बाई, मी कागदावर इथं काही नाही असं लिहून दिलं आहे. तालुक्याला जाऊन कागद परत मागता आला असता. खड्डे सोमवारपासून होते. मी म्हणालो, छान आहे. आणि उठलो.

सोमवारी हजेरीपटावर शेवंताबाईचं नाव मीच लिहिलं. बेड्याला काम हवं होतं आणि मी ते दिलं. ह्या एका गोष्टीच्या जोरावर मी स्वतःला बरीच वर्षं माफ करत आलो. आठवड्याभरानं, श्रावणाच्या उघडिपीत, तिनं टिकास बाजूला टाकला आणि मला हाक मारली. त्या चपट्या दगडापासून चार पावलांवर, बरोब्बर चुन्याच्या खुणेवर, पवन्याच्या दोन बुंध्यांच्या मधे जमिनीतच एक उथळ खळगा होता आणि त्यात चार अंडी. मातकट हिरवी, वर तपकिरी डाग. ती तिथं आहेत हे कळल्यावरही नजर हलली की हरवत होती.

"इथं गड्डा नोको करू, भाऊ."

"नाही करत."

"बोल दिला?"

"दिला, बाई."

तिनं दोन बुंध्यांचं गवत एकमेकांकडे वाकवलं आणि पुढच्या खुणेवर जाऊन खणायला लागली.

पुढच्या आठवड्यात तालुक्याहून निरोप आला. लागवडीचा समारंभ आमच्या गावात. पाहुणे गाडीतून उतरतील आणि चार पावलांत झाड लावतील अशी जागा ठेवा, गवतातून चालवू नका. गाडीवाटेजवळचे बाकीचे खड्डे पावसानं तुडुंब भरले होते. कोरडी, उंच, दगडाजवळची जागा एकच होती.

समारंभाच्या दिवशी सकाळी सात वाजता मी एकटा बरडावर गेलो. सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन.

आता जे सांगतो ते मी स्वतःलाही सरळ कधी सांगितलं नव्हतं. सात वर्षं मनाशी म्हणत आलो की अंडी थंड होती, मादी सोडून गेली होती, आता काय उपयोग होता. खोटं आहे. मी वाटेवरून वळलो तेव्हा मादी तिथून उठून गवतात शिरली, मी पाहिली. अंडी हातात घेतली. ती कोमट होती. चारही. तळहातावरची ती ऊब मी सात वर्षं कुठंही ठेवू शकलो नाही. मी सब्बलीनं खड्डा घेतला, अंडी बुडाशी ठेवली, वर माती लोटली, कडुलिंबाचं रोप आणून बाजूला ठेवलं आणि चुन्यानं खड्ड्याभोवती गोल काढला. गोल छान आला होता. दहा वाजता पाहुणे आले, रोप लावलं, झारीनं पाणी घातलं, टाळ्या झाल्या. माझ्याही खांद्यावर शाल आली. तो फोटो अजून ग्रामपंचायतीत आहे. त्यात मी हसतो आहे.

शेवंताबाई त्या दिवशी कामाला नव्हती. दोन दिवसांनी आली. त्या लिंबाजवळून गेली, थांबली नाही. हजेरीपटावर अंगठा द्यायला आली तेव्हा म्हणाली, "कुठी लावू, साहेब?"

त्या दिवसापासून मी साहेब झालो.

पुढचं काय सांगायचं? चैत्रापर्यंत बहुतेक झाडं वाळून गेली, कारण वीतभर मातीखाली खडक होता आणि हे गवतानं ओळखलं होतं, आम्ही मनावर घेतलं नव्हतं. जगलं ते बहुतेक परदेशी गिरीपुष्प. त्याच्या सावलीत पवन्या मेला. खड्ड्यांच्या भुसभुशीत मातीत गाजर गवत शिरलं, आणि त्याला तर ढोरं तोंड लावत नाहीत. बेड्याचे गवताचे भारे अर्ध्यावर आले. मोठ्या पावसात अलीकडच्या तुकड्यावरून लाल गढूळ पाणी धावतं आणि नाल्याला गाळ देऊन जातं; पलीकडून, जिथं कुणी हात लावला नाही, तिथून पाणी निवळ येतं, उशिरा येतं आणि पुष्कळ दिवस येत राहतं. त्या बाजूच्या पायथ्याच्या विहिरींना एप्रिलात पाणी असतं. धरणं बांधणाऱ्यांनी गवतापुढे बसून शिकावं असं पाणी धरायचं काम ते बिनबोभाट करतं. तणमोर मात्र गेला. दर आषाढात मी पहाटे त्या दगडावर जाऊन बसायचो. बेडूक टरटरला की दचकायचो. बेडूकच असायचा.

तो कडुलिंब जगला. एवढ्या सगळ्यांत तो जगला. आता त्याची सावली पडते, लोक तिथं गाड्या लावतात. मी आजवर त्या सावलीत बसलो नाही.

आणि यंदा पोळ्याच्या आधी पुन्हा नमुना आला. पलीकडच्या तुकड्यासाठी. आता म्हणे दाट वन करायचं. रकाना तोच, तेवढाच अरुंद. सरपंच गजानन वाईट माणूस नाही. तो घरी येऊन चहा पिता पिता म्हणाला, "काका, तुमी फक्त सही करा. गावाले चार मईने काम भेटीन." मी म्हणालो, मी निरंक लिहिणार नाही. त्याला वाटलं मी चेष्टा करतो आहे.

परवा ग्रामसभा झाली. विषय आला तसा मी उभा राहिलो. इतक्या वर्षांत मी ग्रामसभेत वाचून दाखवण्यापलीकडे बोललो नव्हतो, त्यामुळे मागचे लोक पुढे सरकले. मी सांगितलं, पलीकडच्या बरडावर झाडं लावायची नाहीत. हशा झाला. मागून कुणीतरी म्हणालं, "झाडाच्या जिवावर शाल घेतली, आता झाडंच नोको म्हन्ते." खरं होतं ते. म्हणून मग सगळं सांगितलं. दगड, उडी, दिलेला बोल, सकाळचे सात, कोमट अंडी. भिंतीवरच्या फोटोकडे बोट करून सांगितलं की ह्या रोपाखाली आहेत ती.

माना फोटोकडे वळल्या. मग गजानन चाचरत म्हणाला, "म्हंजे काका, चार अंड्यासाठी तुमी गावाचं काम अडवता?"

"हो," मी म्हणालो. "चार अंड्यांसाठी."

आणि मग मला थांबवता आलं नाही. म्हणालो, काम हवं ना, मी देतो. अलीकडचं गाजर गवत उपटायचं काम काढा, गिरीपुष्प काढायचं काढा, जुने खड्डे बुजवून त्यात पवन्याचं बी टाकायचं काढा, हजेरीपट मी भरतो. झाडं लावायची तर नाल्याकाठी लावा, वावराच्या धुऱ्यावर लावा, शाळेत लावा, मी खड्डे खणायला येतो. पण जिवंत गवताला पडीत म्हणून त्याच्या छातीवर झाड लावायचं आणि त्याचा हिरवा फोटो वर पाठवायचा, त्या कागदावर माझी सही मिळणार नाही. मला काढा. दुसरा नेमा. तो दुसरा सही करायला आला की त्यालाही मी हेच सांगणार.

बायकांच्या बाजूनं शेवंताबाई उठली. मला वाटलं आता ती बोलेल, तुला बोल दिलेला आठवतो का म्हणून. ती सभेला म्हणाली, "मले तवाच मालूम झालं व्हतं. माती नवी होती तथची." मग गजाननकडे वळली. "उद्या सकाऊन सगळे या बरडावर. डोयानं पाहा. मंग लिवा काय लिवायचं ते."

सगळे कुठले येणार! अकराजण आलो. गजानन आला, नव्या पँटमध्ये. शेवंताबाई पुढे, मी तिच्या मागे नमुना आणि पेन घेऊन. ती दाखवायची, मी लिहायचो. पवन्या. कुसळी. मारवेल. तित्तराची वीण. सशाची लेंडी. चंडोल दोन तऱ्हेचे. कोल्ह्याचं बीळ, चालू. मुंग्यांचं वारूळ आणि त्याच्या तोंडाशी गवताच्या बियांची टरफलं. रकाना पहिल्या तीन ओळींत भरला. मी समासात गेलो, मग पाठीवर, मग कोरा कागद जोडला. गजानन मधेच खाली बसून पँटची कुसळं काढायला लागला. एक काढलं की दोन लागत होती. शेवटी त्यानं नाद सोडला आणि शेवंताबाईला विचारलं, हे एवढं खोल कसं जातं. तिनं त्याच्या तळहातावर थुंकीचं बोट लावून एक कुसळ ठेवलं. ते फिरायला लागलं तसा तो पाहतच राहिला. तो प्रस्ताव मागे घेईल की नाही हे मला आजही माहीत नाही. त्यालाही वरून फोन येत असतील.

परत फिरताना नाल्याशी मी थांबलो आणि कागदावर शेवटचं नाव लिहिलं. तणमोर.

"काय लिवलं?" तिनं विचारलं. मी सांगितलं.

"यंदा पाह्यला का तुमी?"

"नाही."

"मीनंबी नाई पाह्यला. मंग नका लिवू. एक डाव खोटं लिवलं तुमी, आता दुसऱ्या डावानं नका लिवू."

मी कागद गुडघ्यावर घेऊन खाली बसलो. खोडता येईना. मग त्या नावापुढे आणखी दोन ओळी लिहिल्या आणि तिला वाचून दाखवल्या: 'तणमोर. नाल्याच्या अलीकडच्या भागात होता. मी घालवला.'

तिनं नाल्यापलीकडे पाहिलं. माफ केलं असं काही ती म्हणाली नाही, आणि मी मागितलंही नाही.

"बरं," म्हणाली. "करा सही, साहेब."

मी सही केली.